कोचीत शनिवार-रविवार: काय कधी बंद, बोट कुठून, मट्टनचेरी कोणत्या दिवशी?

ओहोटी

शुक्रवारी रात्री कोचीत उतरायचं आणि रविवारी रात्रीचं परतीचं विमान धरायचं, अशा बेताबद्दल इथे वरचेवर विचारणा होते. जुन्या धाग्यांतली माहिती विखुरलेली आहे आणि बरीचशी वॉटर मेट्रोच्या आधीची आहे, म्हणून हा नवा धागा. कच्चा आराखडा देते, जाणकारांनी दुरुस्त करावा.

शनिवार: सकाळी मट्टनचेरी (राजवाडा, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, ज्यू टाउन), संध्याकाळी फोर्ट कोचीची चिनी जाळी (काठावर उभी असलेली मासेमारीची मोठी जाळी).
रविवार: सकाळी सेंट फ्रान्सिस चर्च आणि सांता क्रूझ बॅसिलिका, दुपारी त्रिपुनितुराचा हिल पॅलेस, तिथून विमानतळ.

मुक्काम एर्नाकुलमला की फोर्ट कोचीत? आणि सोबत गुडघेदुखीवाले ज्येष्ठ असतील तर चालणं कितपत पडतं?

वखार

आराखडा उलटा करा. शनिवार हा सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी मट्टनचेरीचं परदेसी सिनेगॉग पर्यटकांना बंद असतं. शुक्रवारीही दुपारनंतर आत सोडत नाहीत. शिवाय ज्यू सणांना बंद, आणि ते सण मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात सलग येतात. त्या महिन्यांत जाणार असाल तर तारखा आधी बघा.

दुसऱ्या बाजूला, रविवारी सकाळी सेंट फ्रान्सिस आणि बॅसिलिका दोन्हीकडे उपासना चालू असते. उपासनेला बसायला हरकत नसते, पण कबरीचे दगड बघत फिरता येत नाही. म्हणजे चर्चं शनिवारी, सिनेगॉग रविवारी. शनिवार-रविवारच्या कोचीचा क्रम हा एवढाच खिळा ठरवतो, बाकी सगळं त्याभोवती बसवायचं.

मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, त्यामुळे तुमच्या बेताला अडचण नाही. हिल पॅलेस सोमवारी बंद. कोणी सोमवार जोडून रजा काढत असेल तर हे लक्षात ठेवा.

सिनेगॉग दुपारी एक ते तीन मिटलेलं असतं. रविवारी दहाच्या ठोक्याला पोचा. बाराला पोचलात तर सहलीच्या बसमधून उतरलेल्या जथ्यामागे उभं राहावं लागतं आणि आतली खोली लहान आहे.

नकाशेवाला

मुक्कामाचं बोलतो. फोर्ट कोचीतच राहा. नकाशावर एर्नाकुलम आणि फोर्ट कोची समोरासमोर दिसतात, पण मध्ये बंदराचं पाणी आहे. रस्त्याने जायचं तर विलिंग्डन बेट आणि तोप्पुंपडीला वळसा घालून बारा-तेरा किलोमीटर पडतात, आणि तोप्पुंपडीच्या आसपास संध्याकाळी गाड्या हलत नाहीत. हेच अंतर बोट साधारण वीस मिनिटांत कापते.

बोटींचे तीन प्रकार आहेत, लोक त्यांत गोंधळतात:

१. वॉटर मेट्रो. एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली, फोर्ट कोचीचा धक्का वर्षभराने उघडला. बोट हायकोर्ट टर्मिनलवरून सुटते (मरीन ड्राइव्हजवळ). विजेवर चालते, वातानुकूलित, शंभर प्रवाशांची. मर्यादेपेक्षा एकही माणूस जास्त घेत नाहीत, म्हणून सुट्टीच्या दिवशी रांग लांबते. नेहमीची चूक म्हणजे मेट्रोने वैट्टिलाला उतरून तिथल्या वॉटर मेट्रोत बसणं. वैट्टिलाची बोट कक्कनाडला जाते, म्हणजे फोर्ट कोचीच्या बरोबर उलट दिशेला.

२. राज्य जलवाहतूक खात्याची साधी बोट. एर्नाकुलमच्या मुख्य बोट जेटीवरून, सुभाष पार्कच्या बाजूने. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, तिकीट अगदी किरकोळ. फोर्ट कोचीची आणि मट्टनचेरीची बोट वेगळी असते, चढताना विचारून चढा.

३. रो-रो. वायपीन ते फोर्ट कोची, गाड्यांसकट नेणारी. पाच मिनिटांचा प्रवास.

विमानतळ नेडुंबासेरीला, फोर्ट कोचीपासून रस्त्याने चाळीसेक किलोमीटर. रात्री दीड तास धरा. विमानतळावरून आलुवा मेट्रो स्थानकापर्यंत फीडर बस असते, पण रात्री उशिरा सामान आणि ज्येष्ठांसकट तो खटाटोप करू नये. सरळ टॅक्सी.

मुंबई-पुण्याकडून रेल्वेने येणाऱ्यांनी दोन दिवसांत हे बसवू नये. कोकण रेल्वेने नेत्रावती असो की मंगला, एका बाजूलाच अख्खा दिवस जातो, आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्या आणखी हळू धावतात.

दुर्गभटक्या

गडकिल्लेवाल्यांना एक सूचना: फोर्ट कोचीत किल्ला शोधू नका. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये इथे किल्ला उभारला, राजा मॅन्युएलच्या नावाचा. 1663 मध्ये डचांनी तो घेतला आणि आकसून लहान केला. 1795 मध्ये इंग्रज आले, त्यांनी 1806 च्या सुमारास तटबंदी पाडून टाकली. आज उरलाय तो बुरुजाच्या जागेवरचा बॅस्टियन बंगला, काही तोफा आणि रस्त्यांची नावं. तट-बुरुज बघायचेच असतील तर आपल्या वसईला किंवा रेवदंड्याला कितीतरी जास्त उरलंय. इथे बघायचं ते बंदर आणि त्याच्या पाठीमागचा व्यापार.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये मात्र वेळ काढा. आधी लाकडी होतं, 1516 मध्ये पक्कं झालं. वास्को द गामा 24 डिसेंबर 1524 ला कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. नंतर मुलाने अवशेष पोर्तुगालला नेले. आत शिरल्यावर उजव्या हाताला जमिनीतला कठडा लावलेला दगड, ती जागा. बहुतेक लोक त्याचा फोटो काढून बाहेर पडतात. भिंती राहून जातात. एकोणिसाव्या शतकात फरशीतले कबरीचे दगड उपटून भिंतींत बसवले: उत्तरेच्या भिंतीवर पोर्तुगीजांचे, दक्षिणेच्या भिंतीवर वलंदाजांचे (डचांचे). डच दगडांवरची कोरीव मानचिन्हं जवळून बघण्यासारखी आहेत. वर कापडी पंखे टांगलेले दिसतील, त्यांचे दोर बाहेरून ओढत असत.

इमारत आधी कॅथलिक, मग डच प्रोटेस्टंट, मग अँग्लिकन, आता चर्च ऑफ साउथ इंडियाची. मालक बदलले तसा धर्मपंथ बदलत गेला.

शेवंती

बॅसिलिकाबद्दल भर घालते. मूळ पोर्तुगीज कॅथेड्रल इंग्रजांनी 1795 मध्ये पाडलं. आताची इमारत 1905 मध्ये अभिषिक्त झाली. आतली चित्रं अँतोनियो मॉस्केनी या इटालियन जेझुइट चित्रकाराची. मंगळूरचं सेंट अलॉयशियस चॅपल ज्यांनी पाहिलंय, त्यांना हात लगेच ओळखू येईल. अभिषेकाच्या चारच दिवस आधी ते वारले.

ज्येष्ठांसाठी: दोन्ही चर्चं सपाटीवर आहेत. मट्टनचेरीच्या राजवाड्यात जिना चढावा लागतो, कारण दालनं वरच्या मजल्यावर आहेत. सिनेगॉगमध्ये चपला बाहेर काढायच्या, पिशव्या आत नेता येत नाहीत, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. फोर्ट कोचीच्या आतल्या भागात (प्रिन्सेस स्ट्रीट, परेड ग्राउंड, दोन्ही चर्चं, जाळी) सगळं चालत दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात येतं आणि मोठ्या पर्जन्यवृक्षांची सावली आहे. मट्टनचेरी तिथून अडीच किलोमीटर, तिथे रिक्षा करा.

रिक्षा ठरवताना एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या. ‘अगदी थोडक्या पैशांत सगळं दाखवतो’ म्हणणारा रिक्षावाला वाटेत मसाल्याच्या आणि गालिच्यांच्या दोन-तीन मोठ्या दुकानांत थांबवतो, त्याचं कमिशन तिथे असतं. तुम्हाला वेळ असेल तर हरकत नाही, पण सिनेगॉगची एकची वेळ अशाने चुकते. ‘दुकान नाही, सरळ’ एवढं बसण्याआधी सांगावं.

ओहोटी

सगळ्यांचे आभार. मग शनिवारी फक्त फोर्ट कोची आणि रविवारी मट्टनचेरी, असं करू का?

वखार

तिथेच एक पेच आहे. मट्टनचेरी म्हणजे राजवाडा आणि सिनेगॉग एवढंच बघायचं असेल तर रविवार ठीक. पण बंदर म्हणून कोची समजून घ्यायची असेल तर बझार रोड शनिवारी सकाळीच चालायला हवा. रविवारी घाऊक पेढ्यांची दारं बंद, रस्ता सुनसान.

बझार रोड कालवतीच्या कालव्यापासून मट्टनचेरीपर्यंत पाण्याला समांतर जातो. वखारींची रचना नीट बघा. पुढचं दार रस्त्यावर, आत लांबट अंगण, त्याच्या दोन्ही अंगांना कोठारं आणि मागचं दार थेट पाण्यावर. पूर्वी माल मागून यायचा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता, त्यावरून मोठी जहाजं आत येत नसत. ती बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माल पडावांतून (लहान होड्यांतून) आत यायचा. पडाव थेट वखारीच्या मागच्या धक्क्याला लागायचे. म्हणून प्रत्येक पेढीला पाण्याकाठची पट्टी हवी असे, आणि रस्त्याकडची रुंदी कमी पण खोली जास्त, असे प्लॉट पडले.

1920 मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो हा इंजिनिअर आला. त्याने दांडा कापून खोल वाट काढली. 26 मे 1928 ला ‘पद्मा’ नावाची बोट आतल्या बंदरात शिरली. उपसलेल्या गाळाचं बेट केलं, ते विलिंग्डन. धक्के, क्रेन, रेल्वे सगळं तिकडे गेलं आणि बझार रोडची मागची दारं निकामी झाली. आज तांदूळ, कांदा, सुंठ, मिरी, चहा पुढच्या दारानेच ट्रकमधून येतात-जातात.

तेव्हा शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास कालवतीपासून चालायला लागा. रमतगमत तासभर. सुंठीच्या वखारींचा वास रस्त्यावरच येतो. हमाल हातगाड्या घेऊन येत असतात, वाट सोडा, आणि दारात उभं राहून फोटो काढण्याआधी विचारा. पुढे राजवाडा शनिवारीच उरकून घ्या. रविवारी उरलं फक्त सिनेगॉग आणि ज्यू टाउन. मट्टनचेरीला दोनदा जावं लागतं, पण रिक्षाची दहा मिनिटं आहेत.

नकाशेवाला

पटत नाही. दोन दिवसांत एकाच जागी दोनदा जाणं ज्येष्ठांना त्रासाचं. बझार रोड रविवारीही चालता येतो आणि बंद दारांच्या वखारी उलट नीट दिसतात, ट्रक मध्ये येत नाहीत.

वखार

दारं दिसतात, अंगण दिसत नाही. रचना तर अंगणात आहे. ज्यांना चालवत नाही त्यांनी शनिवारी सकाळी चर्चं बघावीत, बाकीच्यांनी बझार रोड करून दुपारच्या जेवणाला भेटावं. दोन्ही चर्चं नंतर एकमेकांना सांगता येतात.

बिएनालेच्या काळात जाणार असाल तर हा वाद मिटतो. 2012 पासून कोची-मुझिरिस बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन भरतं, साधारण डिसेंबर ते मार्च. दर दोन वर्षांनी असा बेत असला तरी वर्षं पुढे-मागे सरकलेली आहेत, म्हणून तारखा पाहून घ्या. अ‍ॅस्पिनवॉल हाउससारख्या जुन्या कंपनी-वखारी तेव्हा आतून, मागच्या धक्क्यापर्यंत, फिरता येतात.

मीठपाणी

चिनी जाळ्यांकडे लोक सूर्यास्ताला जातात, फोटो काढतात आणि निघतात. यंत्र म्हणून दहा मिनिटं बघा. सागाचे आणि बांबूचे वासे (हल्ली काही ठिकाणी लोखंडी पाइप) जोडून केलेला दहा मीटरहून उंच सांगाडा, त्याला वीसेक मीटर पसरणारं जाळं. दुसऱ्या टोकाला दोरांनी टांगलेले दगड, एकेक साधारण फूटभराचा. तोल इतका नेमका साधलेला असतो की एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं थांबून चार-सहा जण दोर ओढतात.

खरी गंमत दगडांच्या दोरांत आहे. दोर वेगवेगळ्या लांबीचे असतात. जाळं वर चढतं तसे दगड खाली येतात आणि एकामागून एक फळ्यांवर टेकत जातात. टेकलेल्या दगडाचं वजन तराजूतून कमी होतं, म्हणून जाळं वर झपकन उसळत नाही, शेवटपर्यंत तोल राहतो. हे बघायचं तर समोरून नको, बाजूने उभे राहा.

दोर ओढायला बोलावतात, नंतर पैसे मागतात. मागणं गैर नाही, पण किती ते आधी ठरवा.

जाळी पाण्यातून बघायची असतील तर वेगळी सहलीची बोट करायची गरज नाही. रो-रोने वायपीनला जाऊन परत या. डाव्या-उजव्या दोन्ही काठांवर जाळी आहेत.

जून ते सप्टेंबर जाळी बऱ्याचदा वर टांगलेलीच दिसतात. नद्यांचं गोडं पाणी वेंबनाड सरोवरातून जलपर्णीचे तराफेच्या तराफे घेऊन बंदराच्या तोंडाशी येतं. ती जाळ्यात अडकली तर वजनाने वासे मोडतात. खारं पाणी आत शिरलं की जलपर्णी मरते आणि फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर कुजते. पोहण्याचा किनारा म्हणून त्याकडे पाहूच नका. समुद्रस्नानच हवं असेल तर वायपीन बेटावर उत्तरेला चेराई.

शेवंती

मासळीखाऊंनी आणखी एक तारीख बघावी. केरळात 9 जूनच्या मध्यरात्रीपासून 31 जुलैपर्यंत, 52 दिवस, ट्रॉलरबंदी असते. तेव्हा खोल पाण्यातली मासळी कमी आणि महाग. खाडीतली करीमीन मात्र मिळते. तीच मागवा, केळीच्या पानात भाजलेली. आणि जाळ्यांजवळच्या टपऱ्यांवर मांडलेली सगळी मासळी त्या जाळ्यांतली नसते. टायगर प्रॉन्स आणि लॉब्स्टर तर नक्कीच नाहीत. डोळे आणि कल्ले बघूनच घ्या, आपल्याकडे बघतो तसंच. माशाच्या लाल कालवणातली काळी आंबट फोड म्हणजे कुडंपुळी, कोकमाच्याच कुळातली. ती चावून खायची नाही.

मिरवेल

ज्यू टाउनमधल्या खरेदीविषयी.

मिरी: मूठभर पाण्यात टाका. तरंगतात ते पोकळ, हलके दाणे. थोडे तरंगणारच, पण पाव भाग वर आला तर घेऊ नका. वेलदोडा: आठ मिलिमीटर आणि वरची बोंडं ‘बोल्ड’, मिटलेली आणि हिरवी हवीत. तोंड उघडलेल्या बोंडांचा वास उडालेला असतो. दालचिनी: पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली ती खरी, जाड एकपदरी साल म्हणजे कॅसिया. दोन्ही विकतात, भाव मात्र पहिलीचा सांगतात. केशर, बदाम, अंजीर हे केरळचं पीकच नाही, त्यासाठी कोची गाठू नये.

याच गल्लीत 1957 पासून मिरीचे वायदे व्हायचे, सौदागर आरडाओरडा करून बोली लावत. पुढे ते व्यवहार संगणकावर गेले.

‘अँटिक’ वस्तूंबद्दल: 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. दुकानदार ‘दीडशे वर्षं जुनं, परदेशी कुठेही पाठवतो’ म्हणाला तर त्या दोन वाक्यांपैकी एक खोटं आहे. बहुधा पहिलं.

दुर्गभटक्या

सिनेगॉगच्या आत मान वर करून झुंबरं बघतात सगळे, खाली बघा. अठराव्या शतकात चीनमधून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. दोन शेजारच्या फरश्यांतली झाडं आणि पूल ताडून पाहिले की कुंचल्याचा फरक कळतो. सिनेगॉग 1568 चं. बाहेरचा घड्याळाचा मनोरा 1760 चा, त्याच्या बाजूंवर रोमन, हिब्रू आणि मल्याळम आकडे आहेत.

राजवाड्याचं नाव ‘डच पॅलेस’ असलं तरी बांधला पोर्तुगीजांनी, 1555 च्या सुमारास, कोचीच्या राजाला नजराणा म्हणून. डचांनी डागडुजी केली. आतला चौक, मध्ये देवीचं देऊळ, ही बांधणी मात्र केरळी नालुकेट्टूची. शयनगृहातलं भित्तिचित्रांतलं रामायण दशरथाच्या यज्ञापासून सुरू होतं, डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं द्या. फोटो काढण्याआधी तिथे विचारा.

वखार

मराठी माणसाने मट्टनचेरीत चेरळाई भागातही डोकवावं. गोव्यातून सोळाव्या शतकात निघालेले कोकणी सारस्वत इथे स्थिरावले, त्यांचं तिरुमल देवस्वम हे देऊळ तिथे आहे. पुरुषांना शर्ट काढावा लागतो. कोचीचा डच सेनापती व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ केला (आम्सटरडॅम, 1678 ते 1693). त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी वैद्यही होते. त्या तिघांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापलं आहे. युरोपात छापलेल्या नागरीच्या फार जुन्या नमुन्यांपैकी ते एक.

दुकानांतून कोंकणी बोलून बघा. उत्तर मिळतं.

ओहोटी

मग पक्का बेत असा:
शनिवार: चालणारे नऊला बझार रोड, मग राजवाडा. ज्येष्ठ दोन्ही चर्चं. जेवण, विश्रांती. चारला चालणाऱ्यांची चर्चं, साडेपाचला जाळी आणि रो-रोची फेरी.
रविवार: दहाला सिनेगॉग, ज्यू टाउन, चेरळाई. दुपारनंतर?

हिल पॅलेस ठेवू का?

नकाशेवाला

काढून टाका. त्रिपुनितुरा आग्नेयेला, विमानतळ उत्तरेला. मेट्रो आता त्रिपुनितुरापर्यंत जाते हे खरं, पण फोर्ट कोचीहून आधी पाणी ओलांडायचं, मग मेट्रो, मग तो मोठा परिसर पायी, मग विमानतळ. सामान कुठे ठेवणार? त्याऐवजी कथकली. शनिवारी रात्री जमलं नाही तर रविवारी संध्याकाळी, विमान खूप उशिराचं असेल तरच. रंगभूषा खेळाआधी तासभर प्रेक्षकांसमोर होते, ती चुकवू नका. पापणीखाली चुंडप्पूचं बी घालून डोळे लाल करतात, ते तेव्हाच दिसतं.

परतीचं गणित: रविवारी चार ते सात फोर्ट कोचीहून एर्नाकुलमकडे जाणाऱ्या वॉटर मेट्रोला सर्वांत मोठी रांग असते. सामान घेऊन त्या रांगेत उभं राहू नका. टॅक्सीला फोर्ट कोचीतच बोलवा आणि रो-रोने वायपीन, वल्लारपाडम, कंटेनर रोड, कलमश्शेरी या वाटेने न्यायला सांगा. तोप्पुंपडी आणि शहराची गर्दी दोन्ही टळतात. मात्र रो-रोलाही रविवारी गाड्यांची रांग असते आणि दोन बोटींपैकी एक दुरुस्तीला गेली की ती दुप्पट होते. निघायच्या तासभर आधी ड्रायव्हरला विचारा, दोन्ही चालू आहेत का. एकच असेल तर पुलावरूनच जा आणि विमानाच्या आधी साडेचार तास निघा. 31 डिसेंबरला तर पापांजी (सरत्या वर्षाचा म्हाताऱ्याच्या रूपातला मोठा पुतळा) जाळायला लोटणाऱ्या गर्दीमुळे दुपारनंतर गाड्या आत-बाहेर करणंच अवघड होतं, त्या दिवशीचं परतीचं तिकीट काढूच नका.